नवरीची सायकल

मी रोज लेडीज सायकलवरून कामाला जातो. पुढे बास्केट आहे, चेनवर पूर्ण कव्हर आहे आणि रंग जांभळा आहे. जळगावच्या ज्या शोरूममध्ये मी सर्व्हिस सुपरवायझर आहे, तिथे इलेक्ट्रिक स्कूटर विकतात. सायकल मी मागच्या बाजूला, जनरेटरच्या आडोशाला लावतो. मॅनेजरने एकदा विचारलं, "बहिणीची का?" मी हो म्हणालो. मला बहीण नाही, पण खरं सांगायला बसलो असतो तर त्याचा डबा गार झाला असता.

खरं सांगायचं तर धुळ्यापासून सुरुवात करावी लागते. आग्रा रोडवरून आत वळलं की एका गल्लीत सायकलचं दुकान आहे. आयटीआय झाल्यावर मी तिथे 'तोपर्यंत' म्हणून लागलो. कुठपर्यंत, हे कोणी ठरवलं नव्हतं. मालकांना सगळी गल्ली नाना म्हणते, मीही नानाच म्हणायचो. गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून नानांना खाली बसता येत नव्हतं, आणि सायकलचं सगळं काम खाली बसूनच असतं. त्यामुळे नाना स्टुलावर आणि मी खाली, अशी आमची वाटणी होती.

चाकाचा आऊट काढणं हे आमच्याकडचं मुख्य काम. फिरताना चाक डुलत असेल, तर चावीने एकेक तार आवळत किंवा सैल करत ते सरळ करायचं. मी चाक सरळ करून दिलं की नाना ते बोटाने फिरवायचे, एक डोळा मिटून बघायचे आणि म्हणायचे, "आखो थोडं." म्हणजे अजून थोडं हवं. मी परत बसायचो. एकदा माझं डोकं सटकलं. कंपनीतून आलेलं कोरं चाक, वेष्टन काढून, मीच केलं म्हणून त्यांच्या हातात दिलं. नानांनी फिरवलं, डोळा मिटला आणि म्हणाले, "आखो थोडं."

सायकल गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना मात्र ते चाक फिरवून म्हणायचे, "बरं शे. लई जा." म्हणजे बरं आहे, घेऊन जा. माझ्या वाट्याला इतक्या वर्षांत एकही 'बरं शे' आलं नाही. गल्लीसमोर चहाची टपरी चालवणाऱ्या अक्काला मी एकदा हे दुःख बोलून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, बरं शे म्हन्तस तो मानूस निंघी जास." बरं आहे म्हटलं की माणूस निघून जातो, हे खरंच होतं. पण त्या दिवशी मला ते चहा विकणाऱ्या बाईचं मत वाटलं.

दरम्यान माझं लग्नाचं वय आलं आणि पुढे जाऊ लागलं. मुलगी बघायला जायचं असलं की नाना लगेच सुट्टी द्यायचे. वर सांगायचे, "येतांना पेढा लई येजो." साक्री झालं, शिरपूर झालं, आम्ही पिंपळनेरपर्यंत जाऊन आलो. मुलगा काय करतो असं विचारलं की आई म्हणायची, "ऑटोमोबाईलमध्ये आहे." मुलीचे वडील खूश व्हायचे. मग विचारायचे, "कुठली गाडी?" आई माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, "सायकल." त्यानंतर चहा लवकर संपायचा. परत आल्यावर नाना माझ्या हाताकडे बघायचे. हात रिकामे दिसले की काही न विचारता पंक्चरची ट्यूब पुढे करायचे. हे त्यांचं सांत्वन होतं.

आणि मग जळगावची नोकरी आली. आयटीआयमधल्या एका मित्राने नाव सुचवलं होतं. मुलाखतीत मला विचारलं, ग्राहक चिडला तर काय कराल? मी सांगितलं, त्याला बसायला स्टूल देऊन त्याच्यासमोर काम करतो. त्यांनी ते इंग्रजीत लिहून घेतलं. पगार दुकानापेक्षा बरा होता, खोली शोरूमच्या जवळ मिळत होती आणि काम टेबलाशी उभं राहून करायचं होतं. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला हजर व्हायचं होतं.

मला जायचं होतं, यात शंका नव्हती. पण नानांचा होकार घेतल्याशिवाय जायचं नव्हतं. मी गेलो तर दुकानात खाली बसणारं कोणी उरत नव्हतं, आणि खाली बसणारं कोणी नसेल तर ते कुलपं आणि ट्यूब विकायचं दुकान होतं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही. रागावून त्यांनी माझं तोंड बघणं सोडलं असतं तर ते मला सोसलं नसतं. वडील गेल्यावर मला कामाला उठवणारा माणूस तोच होता.

बातमी चांगली असली की पेढे घेऊन जायचं, ही आपल्याकडची रीत. मीही अर्धा किलो घेतले. माझी चूक तेवढीच. नानांनी माझ्या हातातला बॉक्स बघितला. पहिला पेढा गणपतीच्या फोटोपुढे ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला आणि मी तोंड उघडायच्या आत स्टुलावरून उठून, सगळ्यांना कळावं म्हणून गल्लीकडे ओरडले, "अक्का वं, बठ्ठासले सांग! आपला पोऱ्यानं लगीन जमनं!"

अक्काने उकळता चहा तसाच टाकला आणि धावत आली. "पोर कोठली शे?" तिने विचारलं. मी म्हणालो, "जयगाव." मला म्हणायचं होतं नोकरी जळगावची आहे, पण वाक्याचा उरलेला भाग कोणी ऐकला नाही. पेढे गल्लीत वाटून झाले. शेजारचा झेरॉक्सवाला मिठी मारून गेला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने, ज्याचं माझं फक्त ब्रेकपुरतं नातं होतं, डोक्यावर हात ठेवला. नानांचे डोळे भरलेले होते. त्या डोळ्यांना 'नाही' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी अक्काने केळवणाला बोलावलं. खापरावरची पुरणपोळी, रस्सा, कुरडया. नवरी नसलेल्या माणसाचं केळवण मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलो तर नाना खाली बसले होते.

आमच्या दुकानात एक रीत होती, ती मी ऐकून होतो. दुकानातल्या माणसाचं लग्न ठरलं की नवरीसाठी सायकल द्यायची, आणि ती नानांनी एकट्याने, आपल्या हाताने जोडायची. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. ऑपरेशननंतर असं लग्न ठरलंच नव्हतं. त्यामुळे रीत अजून चालू आहे हे मला माहीत नव्हतं. नानांनी पाय समोर लांब पसरले होते, पाठ टायरच्या थप्पीला टेकवली होती, आणि मांडीवर रिम घेऊन ते तारा भरत होते. कपाळावर घाम होता. शेजारी जांभळी फ्रेम उभी होती.

मला रडायला आलं. मी तिथेच, त्यांच्यासमोर बसलो.

"नाना, लगीन नही," मी म्हणालो. "नोकरी लागनी. जयगावले."

फिरतं चाक नानांनी अंगठ्याने थांबवलं. ते माझ्याकडे नाही, चाकाकडे बघत होते.

"मंग पोर?"

"पोर नही शे."

"केळवन खादं ना तू?"

"खादं."

मी उठवायला हात पुढे केला, तो घेतला नाही. चाक परत फिरवलं आणि तारा भरू लागले. पुढचे सगळे दिवस असेच गेले. मी वेळेवर यायचो, ते वेळेवर यायचे. ते खाली बसून जांभळी सायकल जोडायचे, मी शेजारी बसून लोकांच्या सायकली करायचो. दोघंही खाली असल्यामुळे स्टुलावर गिऱ्हाईक बसायचं. अक्का दोघांच्या मध्ये चहा ठेवून जायची आणि जाताना माझ्याकडे असं बघायची की पुरणपोळी परत द्यावीशी वाटायची.

शेवटच्या दिवशी मी शटरची चावी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती खिशात टाकली आणि हनुवटीने जांभळ्या सायकलीकडे खूण केली. "लई जाय."

"नाना, लेडीज शे."

"मंग? तठे कोन वळखस तुले?"

तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, हे खरंच होतं. गल्लीच्या तोंडाशी गुजरातेत केळी उतरवून जळगावमार्गे रावेरला परत निघालेला ट्रक उभा होता. ड्रायव्हर अक्काकडे चहा पीत होता. सायकल त्याच्या रिकाम्या हौद्यात, केळीच्या सुकलेल्या पानांवर चढवली. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. नाना ट्रकपर्यंत आले, पण माझ्या खिडकीपाशी नाही, मागे सायकलीपाशी. तिथूनच ओरडून म्हणाले, "पहिली सर्व्हिसिंग आठेच." पहिली सर्व्हिसिंग इथेच, हे ते गिऱ्हाइकांना नेहमीच सांगायचे. त्यात होकार होता की नाही, हे मला पारोळ्यापर्यंत ठरवता आलं नाही.

नव्याने बांधलेल्या चाकाच्या तारा थोड्या चालवल्यावर ढिल्या पडतात. तशा पडल्या. पुढचं चाक डुलायला लागलं, ब्रेकला घासायला लागलं. माझ्या बॅगेत चावी होती. एका बैठकीचं काम होतं. मी केलं नाही. शोरूममध्ये लोकांच्या स्कूटरी लॅपटॉप लावून तपासायचो आणि खर्र खर्र आवाज करत खोलीवर जायचो. शोरूममधले हसायचे. मी म्हणायचो, हिची सर्व्हिसिंग धुळ्याला असते.

दिवाळीला सुट्टी मिळाली. धुळ्याकडे जाणारा केळीचा ट्रक गाठला आणि सायकलसकट गल्लीत उतरलो. दुकान उघडं होतं. पुढे कुलपं आणि ट्यूब टांगलेल्या होत्या. मी बसायचो तिथे टायर रचले होते. नाना स्टुलावर होते.

"या," ते म्हणाले. "काय काम शे?"

नानांनी मला आजवर 'ये' म्हटलं होतं, 'या' नाही. त्यांनी गिऱ्हाइकाची प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. समोरून अक्काने चहा पाठवला, तोही गिऱ्हाइकाला देतात तसा बशीसकट.

"पहिली सर्व्हिसिंग," मी म्हणालो.

"माले बसता येत नही आते," नाना म्हणाले. "चावी शे का तुमनाजोडे?"

चावी होती. मी खुर्ची बाजूला केली, टायर हलवले आणि माझ्या जागेवर बसलो. चाक काढलं. एकेक तार बघितली, आवळली, सैल केली, परत आवळली. शोरूमच्या टेबलाशी उभं राहून राहून कंबर खाली बसायचं विसरली होती. दुखत होती, पण मी घाई केली नाही. चाक असं सरळ झालं की फिरताना फिरतंय की नाही कळेना. असं चाक मी आयुष्यात केलं नव्हतं. मग ते नानांच्या हातात दिलं आणि मला एकदम भीती वाटली. आता ते 'बरं शे, लई जा' म्हणाले असते, तर मी सायकल घेऊन निघून गेलो असतो आणि गोष्ट तिथेच संपली असती.

नानांनी चाक बोटाने फिरवलं. एक डोळा मिटला. चाक फिरत राहिलं, थांबलं. त्यांनी ते परत फिरवलं.

"आखो थोडं," ते म्हणाले.

मी चाक घेतलं आणि परत खाली बसलो.