शकूचं डाऊन हँडल

शकू परवा गेली.

आयुष्यात एकदाच मी तिला सायकलच्या शर्यतीत हरवलं. त्या शर्यतीची माझी तयारी तिनंच करून घेतली होती.

गोष्ट एकोणऐंशी सालच्या आसपासची. नागपूरला कॉलेजात आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो.

मुलींसाठी रेसची सायकल एकच. तिला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणारच. पाय थांबवले की सायकल आपल्याला फेकून देते.
पहिल्याच दिवशी मला फेकलं. शकू पोट धरून हसली, मग घरी नेऊन गुडघ्याला हळद लावली.

राज्य स्पर्धेला आमच्यातली एकच जाणार होती.
खेळाचे सर म्हणाले, एकीमागून एक स्टॉपवॉचवर पळवायची. मधे पान्याला हात लावायचा नाही. हँडल कुठलं ते दोघींनी आधीच ठरवा.

मला होतं तेच सरळ हँडल हवं होतं. शकू इतवारीतल्या एका कबाड्याकडून डाऊन हँडल घेऊन आली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं.

"हे लावलं तं माही पाठ मोडन वं."
"मोडू दे. सरळ हँडलवर सारी हवा छातीवर येते."

हट्टी होती. तिचंच हँडल लागलं.
मग रोज सकाळी मैदानावर मला ते धरायला शिकवायला लागली. मी सवयीनं वरच्या दांडीवर हात ठेवायची, की ही मागून ओरडायची.
"वरतून धरशीन तं भाजी आणाले जाशीन! खाली धर, खाली!"

इथे एक सांगायला हवं. तिच्या बाबांनी शब्द दिला होता, निवड झाली तर लग्न बीए झाल्यावर. नाही झाली तर याच उन्हाळ्यात.
हे मला माहीत होतं. म्हणून एकदा विचारलंच.

"मले काहून शिकवून राहिली? तू जिंक ना सरळ."
"अन् हरल्यावर तू हँडलचं नाव घेशीन. मले तशी जीत नाई पायजे."

आता बोला!

शर्यतीच्या दिवशी आधी तिनं सायकल पळवली. मग मी. हात खाली, मान खाली, पाय थांबवायची सोयच नाही.
अगदी थोडक्यात मी जिंकले.

शकूनं सरांकडून पाना मागून घेतला आणि हँडल खोलायला बसली. "हे माहं हाय."

मी शेजारी बसले. "वाईट वाटून राहिलं का वं?"
"वाटणारच ना. लय वाटून राहिलं."
मग डोळे पुसून म्हणाली, "पण हँडल बरोबर होतं का नाई?"

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. कळमेश्वरला गेली.
मी राज्य स्पर्धेत शेवटून दुसरी आले. हे कळल्यावर तिनं बरेच दिवस माझ्याशी अबोला धरला. "माही जागा घेऊन हे करून आली?" मला खूप लागलं होतं ते. पण तिचा राग खरा होता.

बीए तिनं बाहेरून केलं. शाळेत बाई झाली. शाळेत जायला नवऱ्यानं लेडीज सायकल घेऊन दिली, तर हिनं त्याच दिवशी तिचं हँडल काढून आपलं डाऊन हँडल बसवलं.
पाचवारी साडी, डब्याची पिशवी आणि ते हँडल. सारं गाव हसायचं. "हसू दे," म्हणायची. रिटायर झाल्यावरही सायकल सुटली नाही.

काल तिच्या घरी गेले होते. सायकल पडवीत उभी होती. मुलगा म्हणाला, "मावशी, आई आता आतापर्यंत चालवत होती. भाजी आणायले."

मी हँडलवरून हात फिरवला.
वरच्या दांडीवर गुंडाळलेली टेप जवळजवळ नवी होती.
खाली, वळणावर, पार झिजून आतलं लोखंड दिसत होतं.

भाजी आणायलासुद्धा बाई खालून धरूनच जात होती.

जाय वं शकू. तुह्या हँडलची आठवण राहीन.
शेवटचा जय भीम.