पेस्ट लावायचे दिवस

छाटणीचे दिवस जवळ आले की मला धास्ती वाटते. निफाडजवळच्या आमच्या द्राक्षबागेत दसऱ्याच्या सुमारास काड्या छाटतात आणि लगेच काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावतात. त्यानं सगळ्या डोळ्यांतून एकदम कोंब फुटतात. पण ती पेस्ट जहाल. हातमोजे घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि पुढचे काही दिवस दारूच्या थेंबालाही शिवायचं नाही. अंगात पेस्ट भिनलेली असताना दारू पोटात गेली तर माणूस लालबुंद होतो, छाती धडधडते, धाप लागते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माझे आजोबा पंचाहत्तरी ओलांडलेले, तरी पेस्ट लावायला स्वतः उतरणार म्हणजे उतरणारच. मजूर आहेत, काका आहे, पण नाही. "डोळा हातानंच भिजवावा लागतो," हे त्यांचं ठरलेलं. मी नाशिकला नोकरी करते. दर छाटणीला रजा काढून गावी जाते ती मदतीला नव्हे, खरं सांगायचं तर भांडायला. हातमोजे घाला म्हणून भांडायचं, सावलीत बसा म्हणून भांडायचं. ते मुकाट हातमोजे घालायचे आणि माझी पाठ वळली की काढून खिशात कोंबायचे. हातमोज्यात डोळा कळत नाही म्हणे.

मी चिडते, ओरडते, पण त्यांच्यापुढे माझं चालत नाही. माझे वडील मी चौथीत असताना गेले. तेव्हापासून बाग एकीकडे आणि मी दुसरीकडे, असा या माणसानं संसार केला. शाळेच्या गॅदरिंगला ते बागेतून तसेच यायचे, चिखलाच्या चपला दाराशी काढून शेवटच्या रांगेत बसायचे आणि माझा नाच संपला की पुन्हा बागेकडे निघायचे. मी कॉलेजला नाशिकला राहायला गेले तेव्हा पहिले दोन महिने दर रविवारी एसटीनं डबा घेऊन आले. मला लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी शेडमध्ये आम्ही जेवलो. भाकरी, पिठलं, ठेचा. जेवल्यावर आजोबा पुन्हा ओळीत शिरले. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांचा चेहरा, मान, छाती, सगळं लाल झालेलं. मला वाटलं ऊन लागलं असेल. तेवढ्यात त्यांनी हाताजवळचा मांडवाचा लोखंडी अँगल धरला आणि म्हणाले, "छातीत कसंतरी व्हतंय गं." उभ्या जन्मात स्वतःच्या तब्येतीबद्दल एक शब्द न बोललेला माणूस. मी ओरडून काकाला हाक मारली.

काकानं गाडी काढली. रस्त्यावर पुढे कांद्याचे ट्रॅक्टर, काका हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि मी मागच्या सीटवर आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांनाच झापतेय. हातमोजे का काढले, कुणी सांगितलं होतं उतरायला, ऐकायचं म्हणून नाहीच कुणाचं. मी गप्प बसले असते तर रडले असते. त्यांना कुत्र्यासारखी धाप लागली होती. आपल्या डोळ्यांदेखत हा माणूस जाणार, असं मला अगदी स्पष्ट वाटत होतं.

तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या, ईसीजीची पट्टी काढली, रक्तदाब पाहिला. तो खूप उतरला होता. मग विचारलं, "काम काय करत होते?" काका म्हणाला, पेस्ट. डॉक्टरांनी मान वर केली. "थोडी घेतली होती का?"

काका भडकलाच. "डॉक्टर, माळकरी माणूस हाय तो. चाळीस वर्षं झाली गळ्यात तुळशीची माळ हाय. घरात अंडंसुद्धा येत नाय."

"मी बदनामी करत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हृदयाचं असेल तर आत्ताच्या आत्ता नाशिकला हलवायला हवं. पेस्टवर दारू झाली असेल तर उपचार वेगळा. मला खरं काय ते कळू द्या."

आणि मला आठवलं. गॅसनं पोट फुगतं म्हणून आजोबा महिनाभर तक्रार करत होते, म्हणून मी नाशिकहून आयुर्वेदिक आसवाची बाटली आणली होती. त्या दिवशी जेवणानंतर मीच त्यांना चार चमचे दिलं होतं, तेवढंच पाणी घालून. पहिल्यांदाच. आसव मुरताना त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो, हे बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. दुकानात उभी राहून मी ते वाचलंही होतं.

मी बोलले नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही, पण गप्प राहिले. माझ्या हातून हे झालं ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. चाळीस वर्षं पाळलेलं व्रत मी चार चमच्यांत मोडलं, हे त्यांच्या कानावर कसं घालायचं? आजोबा डोळे मिटून पडले होते, पण त्यांना सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी अ‍ॅम्ब्युलन्ससाठी फोन उचलला, तेव्हा कुठे मी आसवाचं सांगितलं.

"वेळेवर सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. वेळेवर नव्हतं ते. त्यांनी सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, दर थोड्या वेळानं रक्तदाब पाहत राहिले. दिवेलागणीपर्यंत आजोबांचा चेहरा निवळला. उद्या सकाळी घरी न्या, डॉक्टर म्हणाले.

काका चहा आणायला गेला. मी कॉटजवळ बसले तेव्हा दिसलं, आजोबांच्या गळ्यात माळ नव्हती. ती त्यांनी काढून उशाशी ठेवली होती. मी काही बोलणार तोच त्यांनी डोळे उघडले.

"तुला आधीच आठवलं व्हतं," ते म्हणाले.

"हो."

"मग गप का बसली?"

"तुमची माळ, आबा. माझ्या हातानं..."

त्यांनी वरच्या पंख्याकडे नजर वळवली. मग अगदी हळू म्हणाले, "तुझ्या बापाच्या छातीत तीन दिवस दुखत व्हतं. सांगितलंच नाय त्यानं. छाटणी चालू हाय, आबाला घोर नको, म्हणून." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "माळ पुन्हा घालता येती, पोरी. मला घोर लावत जा. पण सांगत जा."

वडिलांबद्दल हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. "सांगत जाईन," मी म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला, पण माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही.