बियाण्याच्या भाकरी

त्या काळी मी लातूरजवळच्या एका संशोधन केंद्रात ज्वारीची मुळं धुवायचो. नातेवाईक हसायचे, एवढं शिकून पोरगं चिखल धुतंय म्हणायचे. ज्वारीच्या ताटाच्या कडेनं कमरेएवढा चर खणायचा, मग पाण्याची बारीक धार सोडून माती सुटी करायची. एक तंतूही तुटता कामा नये. धसमुसळं काम मला आजही खपत नाही. हलक्या रानात, फारसं खत न घालता, मातीत अडकलेलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ओढून घेईल असं दाट मूळ मला हवं होतं. सात हंगामांनी एका वाणाला ते आलं.

केंद्राच्या गोदामात घुशी झाल्या होत्या. म्हणून ते सगळं बी, दोन पायल्या, मी लातूरच्या घरी आणलं आणि राख लावून आईच्या मडक्यात ठेवलं. शेतकऱ्याच्या घरात बियाण्याला कुणी हात लावत नाही. दुष्काळात आमच्या घरानं उपास काढले, पण बी दळलं नाही.

पेरणीच्या तोंडावर भूकंप झाला. आम्ही औशाच्या पुढच्या गावांत ढिगारे उपसायला गेलो. खाली कुणाला पहार लागेल म्हणून मी हातानंच माती काढत होतो. माझ्या हातानं निघालेल्यांत जिवंत कुणी नव्हतं. दुपारी लातूरहून भाकरींचा टेम्पो आला. दोन भाकरी उभ्याउभ्याच खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी घरी आलो तर मडकं रिकामं.

आई म्हणाली, "घरातलं पीठ सरलं व्हतं. गल्लीत भाकरी गोळा करायला टेम्पो थांबला व्हता. राख पाखडली अन् जात्यावर दळलं. बी हाय, हे ठावं व्हतं मला."

मी तिच्यावर ओरडलो. अंगाला मढ्यांचा वास येत होता आणि मी जोंधळ्यासाठी ओरडत होतो. लाज तेव्हाच वाटली, तरी थांबलो नाही.

जुन्या वाणांतून ते मूळ पुन्हा जुळवायला बरेच हंगाम झिजलो. जमलं नाही. पुढं शहरात शिकवण्यांचं पेव फुटलं, तेव्हा नोकरी सोडून वर्गात वनस्पतिशास्त्र शिकवू लागलो. शिरूर अनंतपाळ, मुदखेडकडची, रानात वाढलेली पोरं माझ्याकडून मुळाची आकृती पाठ करू लागली.

आई दरवर्षी पेरणीच्या दिवसांत विचारायची, "तसला जोंधळा गावला का रं परत?"

नुसतं "हाव" म्हणालो असतो तरी तिचा जीव हलका झाला असता. ती गेली त्या वर्षीही मी "न्हाई" म्हणालो.