श्रीनिवासरावांचा झकास कॉम्प्युटर

कसब्यातल्या श्रीनिवासरावांनी नावं ठेवली नाहीत अशी वस्तू पुण्यात सापडायची नाही. चहा पांचट, रस्ते भिकार, नातेवाईक तर विचारूच नका! पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून हाच माणूस अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करतो, तेही हौसेनं. आता बोला.

यंदा वाचन चाललं होतं तेजस्विनीसाठी. बी.ए.ची मुलगी, सोमवारी अर्थशास्त्राचा पेपर, आणि शेवटची दोन प्रकरणं बाकी. कॉम्प्युटर गेले काही आठवडे अधूनमधून रुसायचाच, नेमका आता हट्टालाच पेटला. अर्धं प्रकरण होतंय न होतंय तोच निळा पडदा! वाचलेलं सगळं पाण्यात. श्रीनिवासरावांनी आतला पंखा पुसला, वायरी हलवून पाहिल्या, वीजवाल्यांचा उद्धार केला. घसा बसला, पण प्रकरण काही पुढे सरकेना.

"अहो, केदारनं ते नवीन काहीतरी बसवल्यापासूनच होतंय ना हे? फोन करा की त्याला," सरोजिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

तेच तर करायचं नव्हतं! पुतण्या केदार हिंजवडीत नोकरीला. मध्यंतरी त्यानं काकांसाठी नवी मेमरी आणून बसवली होती. "काका, कसा चालतोय?" असं तो दर रविवारी विचारायचा, आणि जगाला नावं ठेवणारा हा माणूस म्हणायचा, "झकास!" पोरानं प्रेमानं दिलेल्या वस्तूची तक्रार करायला जीभच रेटायची नाही.

शनिवारी सकाळी तेजस्विनीचा फोन आला. "काका, नाही जमलं तर राहू दे. मी तेवढं सोडून देईन."

श्रीनिवासरावांनी रविवारची वाट पाहिली नाही. त्यांनी केदारला फोन लावून सगळं खरं सांगून टाकलं.

हिंजवडीची गर्दी तुडवत तो दुपारी हजर. "काका, चूक माझीच. तुमचा प्रोसेसर जुना. मेमरीशी जेवढ्या वेगानं देवाणघेवाण त्याला झेपते, त्याहून जास्त वेग मी लावून ठेवला. धाप लागून पडतोय बिचारा! आधी सांगायचं ना."

त्यानं सेटिंगमध्ये जाऊन वेग उतरवला आणि संध्याकाळपर्यंत शेजारी बसून तपासलं. देव भलं करो पोराचं! रविवारी दोन्ही प्रकरणं वाचून झाली, पडदा एकदाही निळा झाला नाही.

सोमवारी पेपर सुटल्या सुटल्या तेजस्विनीचा फोन. "काका, मोठा प्रश्न शेवटच्या प्रकरणावरच होता! मी सांगत होते, लेखनिक ताई लिहीत होत्या. म्हणाल्या, किती सावकाश, स्पष्ट सांगतेस गं. म्हटलं, आमचे काका असंच वाचतात."

सरोजिनीबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं. श्रीनिवासरावांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"बाळ," ते कसेबसे म्हणाले, "तुझे फार उपकार झाले गं माझ्यावर."