बोवनीचा हात

आमच्या आळीत कोणाच्या घरी आज काय शिजणार, हे ठरवण्याचा अधिकार वर्षानुवर्षं एकाच बाईकडे होता, आणि ती आमच्यापैकी कोणाच्याच घरची नव्हती. ती आमची मासळीवाली. माझा मुलगा पुण्यात बसून फोनवर बोट फिरवतो आणि त्याच्या दाराशी कापलेली, धुतलेली, डब्यात निजवलेली सुरमई येते. त्याला तो घरपोच सेवा म्हणतो. मी म्हणतो, अरे, तो माणूस तुला एक शब्द बोलत नाही, ही कसली सेवा? आमच्याकडे आधी बोलणी मिळायची, मग मासळी.

सकाळी बंदरावरून रिक्षाने ती नाक्यापर्यंत यायची आणि तिथून पाटी डोक्यावर घेऊन आमचा चढ चढायची. ती मासळी विकायची असं म्हणणं बरोबर नाही. ती मासळी नेमून द्यायची. तुम्ही सौंदाळे मागितलेत की ती तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळणार आणि तुमच्यापुढे बांगडे ठेवणार. सौंदाळे पाटीत दिसत असायचे, पण ते वरच्या घरच्या जावयाचे. जावई आल्याचं वरच्या घराने अजून कोणाला सांगितलेलं नसायचं, तरी हिला ठाऊक. नवी सून आळीत आली की हिच्या हाताखाली तिची उमेदवारी सुरू व्हायची. कालवण फसलं तर दुसऱ्या दिवशी फाटकातच चौकशी, आणि आवाज असा की आळीच्या दोन्ही टोकांना चूक कळावी. शेजारच्या काकू पक्क्या शाकाहारी. त्यांच्याकडे ती नुसती पाणी प्यायला थांबायची, पण आज भाजी काय केली ते विचारून, उत्तर ऐकून, एक सुस्कारा टाकूनच पुढे जायची.

कोणाच्या घरी कोणता वार पाळतात हेही तिच्याकडेच. एकदा बायको देवरुखला माहेरी गेलेली, आई देवळात, आणि सोमवार. मी फाटकाशी जाऊन हळूच दोन पापलेटं मागितली. तिने पाटीवरचं फडकं आणखी नीट ओढून घेतलं.

"बायको म्हायेरी गेली म्हणून वार नाय बदलत," ती म्हणाली आणि चालू लागली. त्या दिवशी मी पिठलं खाल्लं. संध्याकाळी देवरुखहून बायकोचा फोन आला, तिने पिठलं कसं झालं होतं एवढंच विचारलं.

पण तिचा खरा हट्ट बोवनीचा. दिवसाची पहिली विक्री आमच्या आईच्या हातूनच व्हायला हवी. आईने नोट दिली की ती पाटीला लावायची, कपाळाला लावायची आणि मगच आळीत पहिली हाक घालायची. आई आजारी असली तर ही आमच्या पायरीवर बसून राहायची. आई अंथरुणातून हात बाहेर काढून नोट द्यायची तेव्हाच उठायची. एकदा आई बहिणीकडे चिपळूणला गेली असताना नाइलाजाने माझ्या हातून बोवनी झाली. दुपारी ती जवळजवळ भरल्या पाटीने परत आली आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली की तुझा हात जड हाय. ही बातमी आळीत माझ्या लग्नापेक्षा जास्त गाजली. पुढे कित्येक वर्षं नवं लोणचं घालायचं असलं की बायको मला बरणीपासून लांब उभं करायची.

मग आई गेली. तिचे दिवस पुरे होईपर्यंत मासळीवाली आळीत आली नाही. आली ती पाटी न घेता. माझ्या बायकोजवळ बराच वेळ बसली, आणि उठताना म्हणाली की गुडघे आता बोलायला लागलेत. बोवनीला तिच्यासारखा हात मिळाला तर चढ चढेन, नायतर खाली नाक्यावरच बसेन. म्हणजे आळीत हाक यायची बंद. नाक्यावर जाऊन मासळी आणणं काही कठीण नव्हतं, पण आळी घाबरली. आईपाठोपाठ हाही आवाज जाणार, हे मला काही सोसवेना.

तेव्हा हाताचा शोध सुरू झाला. पहिला मान माझ्या बायकोला. तिने मोठ्या भक्तीने नोट दिली, आणि नेमका त्याच दिवशी बंदरावर एवढा बांगडा आला की गल्लोगल्ली टेम्पो फिरले आणि हिची पाटी भरलेलीच राहिली. बायकोचा हातही बाद झाला. मला आत कुठेतरी बरं वाटलं, ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. मग समोरचे निवृत्त मुख्याध्यापक पुढे आले. मासळीवालीच्या मुलाने पाटीच्या कडेला फोनने पैसे द्यायचा चौकोन चिकटवलेला. सरांनी त्यावर फोन धरला, पैसे गेले, फोनमधली बाई तसं बोललीसुद्धा. मासळीवाली हात पसरून उभीच.

"पैशे आले मास्तर," ती म्हणाली, "पन हात कुठाय?"

सर खिसे चाचपत राहिले. नोट निघाली नाही. तिने पाटी उचलून माझ्यापुढे आणून ठेवली. मी दोन पावलं मागे सरलो आणि माझ्या हाताची तिला आठवण करून दिली.

"जड तर जड," ती म्हणाली. "तिच्या घरचा हाय. दे."

मी दिली. तिने नोट पाटीला लावली, कपाळाला लावली आणि हाक घातली. मी पायरीवर बसून ऐकत होतो. आत बायको दबक्या आवाजात एकामागून एक फोन करत होती. त्या दिवशी आळीत कोणीही भाव केला नाही. सरांनी घरून नोट आणून पापलेटं घेतली. एरवी मांदेलीवर भागवणाऱ्या घराने सुरमई घेतली. शेजारच्या काकूंनी मांजरासाठी म्हणून वाटाभर मांदेली घेतली. काकूंकडे मांजर नाही.

परतताना तिच्या काखेला रिकामी पाटी होती. ती फाटकाशी थांबली, आळीकडे एकदा वर, एकदा खाली बघितलं.

"आळी शानी हाय," ती म्हणाली. "उद्या येते."

अजून येते. रोज नाही, गुडघे देतील तशी. पाटी उतरवायला मला हात लावावा लागतो, आणि मी तो चुकीच्या बाजूने लावतो असं तिचं म्हणणं आहे. नोट घेण्याआधी ती आमच्या आतल्या दाराकडे क्षणभर बघते. तिथून कोणी येत नाही. मग ती माझ्याकडे वळते आणि हात पुढे करते.