उजवं फूल

लाकूड डेपोत किस्से गोळा करावे लागत नाहीत. कॅसलरॉकला धुकं उतरलं की काम थांबायचं, चार माणसं चुलीपाशी बसायची आणि एकातून दुसरा किस्सा निघायचा. मी तिथं कारकून होतो. माझे लाडके किस्से पुण्याच्या प्रोफेसरसाहेबांचे! मजुराला काम कसं मिळतं, मजुरी किती, गाव का सोडतो, यावर त्यांचं संशोधन चालू होतं.

करवतीच्या दोन टोकांना दोन माणसं लागतात. आमच्याकडं जोडी नेहमी मेव्हण्या-मेव्हण्यांची. साहेबांनी विचारलं, "सख्खे भाऊ का नाहीत?"

खानापूरकडचा एकजण म्हणाला, "भाऊ भांडत्यात वो! मेव्हण्याला मान द्यावा लागतोय. करवत सरळ चालती!"

साहेब दिवसभर स्वतःशीच हसत होते.

उळवीच्या जत्रेत ते भेटेल त्या मजुराला विचारत होते, "गाव का सोडलंस?" एका म्हातारीनं त्यांनाच धरलं.

"तुमी का सोडलासा? पोटासाठी?"

"नाही."

"बायकोसंगं भांडान?"

"छे छे!"

"मग परत जावा की बाबा!"

परतताना बैलगाडीत साहेबांनी घरचा विषय काढला. मलाही घराची फार आठवण आली.

गणू गावकर आमचा लाकूडतोड्या. साहेब त्याला म्हणाले, "मुरगाव बंदरात दुप्पट मजुरी आहे. जात का नाहीस?"

गणूनं दरीकडं बघितलं. धुक्यातून झाडांचे नुसते शेंडे वर आले होते.

"ह्ये तिकडं मिळतंय काय?"

साहेब लिहायचंच विसरले!

पण त्या साली भात बुडालं आणि गणूला बंदराचा विचार करावाच लागला. तिकडं पुरुष एकटेच जात. त्याची बायको जनी मात्र हटून बसली, "जायाचं तर दोघांनी!"

कौल घेतल्याशिवाय इथं कुणी गाव सोडत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला ओली दोन फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर राहा. आम्ही सगळे देवळात बसलो. गणूचं उजवं फूल पडलं. त्याचे डोळे भरून आले.

"आता माझा लावा!" जनी म्हणाली.

गुरव चपापला. बाईमाणसाचा कौल त्यानं कधी लावलाच नव्हता! तरी त्यानं दोन फुलं लावली. आम्ही बघत राहिलो. एकही हलेना. पाणी ठिबकत होतं, साहेबांना डुलकी लागली.

शेवटी जनी उठली. उजवं फूल तिनं स्वतःच काढलं, केसांत खोवलं आणि म्हणाली, "पडलं! चला!"