दोनदा विचारणाऱ्या सुनंदाताई

मंगळवारी सकाळी सुनंदाताई गेल्या. फोन आला तेव्हा मी कॉलेजचं ग्रंथालय उघडत होतो. दार उघडलं, वर्तमानपत्रं मांडली, आणि मग खाली बसलो...

आमच्या नाशिकरोडच्या कॉलेजात त्या संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक होत्या. एकलहऱ्याहून बसने यायच्या. जुन्या संगणकांवर विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवण्यासाठी त्यांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञांची यादी, लिहिली होती. डिस्कचे भाग पाडलेले असतात. कुठला भाग कोणत्या प्रकारचा, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते. स्क्रिप्ट ती वाचायची. विंडोजचा भाग पुसायची, लिनक्सच्या भागाला हात लावायची नाही. एकदा नोंद जुनीच, विंडोजची राहिलेली निघाली. आत लिनक्स होतं, आणि एका मुलीचं वर्षभराचं प्रोजेक्ट पुसलं गेलं. ताईंना कुणी दोष दिला नसता. त्यांनीच तिला बोलावून सांगितलं, आणि काम पुन्हा उभं राहीपर्यंत रोज तिच्या शेजारी बसल्या.

त्यानंतर स्क्रिप्ट दोनदा विचारू लागली. आधी नोंदीला, मग त्या भागाच्या आतल्या खुणेला. एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "सर, तुम्ही नुसतं कव्हर बघून पुस्तक कपाटात लावता का?" मी लावतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मागच्या वर्षी ग्रंथालयाचे जुने संगणक मी त्यांच्याकडे पाठवले. कळवणकडच्या खेड्यांत हिंडून मी म्हाताऱ्या बायकांकडून रानभाज्यांची माहिती ध्वनिमुद्रित केली होती. त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. ते सगळं त्यातल्याच एका संगणकात होतं, दुसरी प्रत नव्हती, आणि मी ते विसरून गेलो होतो. दुपारी ताईंनी बोलावलं. बाकीचे झाले, एक अडलाय म्हणाल्या. पडद्यावर मराठीत एक ओळ होती: उत्तरं जुळत नाहीत, माणसाला विचारा.

"म्हणून विचारते," ताई म्हणाल्या. "काय आहे सर यात?"

त्यांनी तो भाग उघडला, एक फाइल लावली... एक म्हातारी कुर्डूची भाजी कशी ओळखायची ते सांगत होती. ताई उभ्यानेच शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. आत कुणाचं तरी काही असेल, एवढ्या शक्यतेसाठी या बाईंनी यंत्राला थांबायला शिकवलं होतं. जन्मभर पुस्तकांत राहून मला ते जमलं नव्हतं.

ताई नाहीत. स्क्रिप्ट चालू आहे. ती अडली की आता प्रयोगशाळेतून मला बोलावतात.